दुसऱ्या बाजूवरची रिकामी तीन मिनिटं

जकार्ता, सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

पार्सल परत पाठवलंस ते पाठवलंस, वर त्याच्यावर लाल पेनानं ‘या नावाचं इथं कुणी राहत नाही’ असं लिहिलंस? कुणी राहत नाही! मग लिहिलं कुणी, भुतानं? तुमिराताई, तुझं अक्षर मी ओळखत नाही होय? उजवीकडं कलंडलेलं, पडायला आलेल्या कुंपणासारखं. आई गेल्यावर मला लिहायला तूच शिकवलंस, चुलीतल्या कोळशानं, म्हणून माझंही तसंच कलंडतं. चौथीत शाळा सुटली, कलंडणं काही सुटलं नाही.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस. टपालवाल्याला बंद करता येत नाही, म्हणून पत्र. वाच, नाहीतर चुलीत घाल, पण परत पाठवू नकोस. तिकीट लावून लावून जीभ कोरडी पडली.

पार्सलमध्ये एक रेकॉर्ड होती. ताटाएवढी काळी तबकडी, जाड पुठ्ठ्याचं पाकीट, पाकिटावर भाताचं कोठार आणि दारात पाठमोरी उभी नवरी. हो, तीच. ‘कोठारातली नवरी’. आता हे पत्र फाडायला घेतलं असशील तर हात आवर.

तुला वाटेल वार्सीला वेड लागलं. लागलंय. बाजाराच्या तळघरात माझा तळणाचा गाडा आहे ना, तेंपे, टोफू, केळी, कॉफी, त्याच्या समोर कोह अलिंगचं रेकॉर्डींचं दुकान आहे. म्हातारा चिनी, बाजाराला तो ‘कोह’, दादा, तशी मी ‘बू’, मावशी; तोंडाचा माझ्याहून फटकळ, म्हणजे बघ. चार वर्षांपूर्वी त्यानं एक रेकॉर्ड लावली आणि माझ्या हातातला झारा तेलात पडला. आपल्या लहानपणीच्या भुताच्या सिनेमाचं संगीत! आपले बापाक गावोगाव शेतात पडदा बांधून जे सिनेमे दाखवायचे, त्यातलंच.

मी म्हटलं, “कोह, हे कुठनं उपटलं?”

“नव्यानं काढतात, बू. जुन्या टेपा हुडकून, धुऊनपुसून. जपानहून एक माणूस येतो खास ह्यासाठी.”

“भुतासाठी विमानानं येतो?”

“मग काय तुझ्या तेंपेसाठी येणार?”

तेव्हापासून मी घेते. अकरा झाल्या. सगळ्या भुताच्याच. वाजवायचं यंत्र माझ्याकडं नाही. काचेच्या कपाटात उभ्या करून ठेवते, आडव्या ठेवल्या की वाकतात. दुसऱ्या बायका तिथं लग्नातले कप ठेवतात. ऐकायला कोहकडं जाते. तो आधी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावतो. म्हणतो, “तेलाचं एक बोट उमटलं तर तुलाच तळीन.” मी म्हणते, “कढई माझी आहे, विसरू नकोस.”

ह्या वर्षी ‘कोठारातली नवरी’ आली. ताई, मला नीट सांगता येणार नाही, तरी सांगते. सुई टेकते. आधी काहीच नाही. मग लांबून उखळात मुसळं पडायला लागतात, बायका भात कांडतात तशी. एक, दोन, चार मुसळं. बस, एवढंच. मग हळूहळू ध्यानात येतं की ह्यात आणखी एक मुसळ आहे, बाकीच्यांच्या जरा मागं पडणारं. दर फेरीला आणखी जरा मागं. कांडणाऱ्या बायका चार आहेत आणि पाचवीही कांडतेय. भर दुपार, तळघरात नळ्यांचे दिवे लखलखीत, आणि माझ्या हातावर हा काटा! ना बाजा, ना किंचाळी. एका मुसळावर भागवलं ह्या लोकांनी. मोठ्या मशिदीत पाऊल टाकल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो ना, तसं झालं मला. गिऱ्हाईक ओरडत होतं, “बू, केळी करपली!” करपू दे म्हटलं.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या बाजूला तिसरी जागा आहे ‘नवरीचं गाणं’ ह्या नावाची. पाकिटावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, सापडलं नाही. आणि ह्या लोकांनी काय केलंय, तर जागा सोडलीय. तीन मिनिटं. तेवढा पट्टा तबकडीवर गुळगुळीत दिसतो आणि नुसती सुई फिरते, खर्र, खर्र. कुणी ती उचलत नाही. दंडावर गोंदवलेले, कानात रिंगा घातलेले बाप्ये मान खाली घालून तीन मिनिटं उभे राहतात, जनाज्याला राहावं तसे. त्यांच्यातल्या एकानंही ते गाणं ऐकलेलं नाही. त्या वेळच्या कॅसेटवर ते घातलंच नव्हतं, दुकानदार म्हणाले असलं घरात कोण वाजवील. मालकांनी गोदामात टाकलेल्या सिनेमाच्या प्रती सडून गेल्या. जुन्या सिनेमांच्या संग्रहात एकच प्रत उरलीय आणि तिच्यातनं नेमकं हेच गाणं कापलेलं.

मागल्या महिन्यात मीही तशीच उभी होते. त्या खर्र खर्रमध्ये माझ्या तोंडातनं ते आपसूक बाहेर आलं. गुणगुणले. कोहनं पाकीट पुसणारा हात वरच्या वर थांबवला.

“बू वार्सी, हे काय?”

“तेच.”

“तेच म्हणजे कुठलं तेच?”

“अरे तेच, जे तुमच्याकडं नाही.”

सगळं दुकान माझ्याकडं असं बघायला लागलं, जणू मीच कोठाराच्या दारातनं आलेय.

ते गाणं कुणी कापलं हे त्यांना ठाऊक नाही. मला आहे, तुला आहे. बापाकनी कापलं, तुझ्या लग्नात हा सिनेमा लावताना. मेलेली नवरी गाते ते माझ्या सुनेच्या मांडवात नको, असं तुझी सासू म्हणाली म्हणून. आणि ती कापलेली पट्टी तुझ्या सामानात बोटीतनं समुद्रापलीकडं तुझ्या सासरी गेली, लाल बिस्किटांच्या डब्यात, रेंगिनांगखाली. तांदळाच्या पापड्यांखाली भूत!

तो डबा अजून आहे का? एवढंच कळव. आहे किंवा नाही.

वार्सिनी


जकार्ता, गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४

चार ओळी! चाळीस वर्षांनी चार ओळी लिहिल्यास आणि त्यातली एक ‘पुन्हा लिहू नकोस’. बरं. नाही लिहीत. हे बघ, लिहितेय.

तुझ्या बाकीच्या तीन ओळी मला पाठ झाल्यात. डबा आहे. फेकला तर मेलेली नवरी बाहेर येईल म्हणून सासूबाईंनी पांढऱ्या कापडात बांधून माळ्यावर ठेवला. आधी दमट दिवसांत त्यातनं व्हिनेगरचा वास यायचा, आता रोज येतो, ती आत जिवंत आहे.

हे मी कोहला वाचून दाखवत होते. वासापर्यंत आले आणि स्टुलावर कॉफी पीत बसलेली एक बाई ताडकन उठली. राटिह तिचं नाव, पस्तिशीची असेल, ह्या रेकॉर्डी जी मंडळी काढतात त्यांच्यात आवाज साफ करण्याचं काम हिचं. माझं गुणगुणणं ऐकायला म्हणून आली होती.

“व्हिनेगर? नक्की व्हिनेगर?”

मी म्हटलं, “माझी बहीण हट्टी आहे, पण नाकानं धड आहे.”

तिचा चेहरा असा उतरला, मला वाटलं हीसुद्धा भुताला भ्याली. ती म्हणाली, “बू, जुनी फिल्म मरायला लागली की तिला हाच वास सुटतो. आधी वास, मग ती आकसते, मग वेढ्याला वेढा चिकटून दगड होतो. रोज वास येत असेल तर वेळ थोडा आहे.”

कळलं का ताई? आतली बाई जिवंत नाही. आतली बाई मरतेय. तुमच्या माळ्यावर ती चाळीस वर्षं मरतेय आणि तुम्ही खाली बसून तिला भिताय.

पण तीच राटिह पुढं काय म्हणाली तेही ऐक. म्हणाली, मालकांनी शंभर प्रती काढल्या, त्या गोदामात सडल्या, आणि तुमच्या बहिणीच्या सासूनं भीतीपायी एक तुकडा कापडात बांधून वर ठेवला, तो राहिला. हे म्हणताना तिनं दोन्ही हात असे छातीशी धरले, कुणी ओंजळीत पाणी दिल्यासारखे. मी त्या म्हातारीला आयुष्यभर शिव्या दिल्यात. आता काय करू? थोड्या परत घेते. सगळ्या नाही.

काम सांगते, ते कर. डबा खाली काढ. झाकण उघडून ठेव, तिला हवा लागू दे. उन्हात नको, चुलीपाशी नको. उलगडू नकोस, ओढू नकोस. कोरड्या सावलीत ठेव आणि मला कळव की ठेवला.

वार्सी


जकार्ता, रविवार, २९ सप्टेंबर २०२४

उत्तर नाही. झाकण उघडलंस की नाही तेही नाही. ठीक आहे, मी बोलते.

काल राटिह मला जुन्या सिनेमांच्या संग्रहात घेऊन गेली. आत इतकं गार की मी ओढणी कानांवरनं गुंडाळली. पांढरे हातमोजे दिले. माझ्या हातांना हातमोजे! तिनं ती उरलेली प्रत काचेच्या टेबलावर ठेवली, खालनं दिवा लावला आणि हळूहळू सरकवत आणली. कोठार, चंद्र, कोठाराचं दार, दार उघडतंय, आणि एकदम सकाळ. मधलं कापलेलं. सांध्याच्या दोन्ही अंगांना एकेक बारका लाल ठिपका.

राटिह म्हणाली, “ही खूण कुणाची ते आम्हाला कळलेलं नाही. अशी दुसऱ्या कुठल्या प्रतीवर नाही.”

ताई, तो आईचा नखरंग. आई गेल्यावर ती बाटली बापाकनी कात्री आणि गोंदाच्या पेटीत ठेवली, आठवतं? लग्नाबिग्नात एखादा तुकडा काढायला लागला की दोन्ही टोकांना ठिपका लावायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी जोडताना चुकायला नको. ठिपक्याला ठिपका. म्हणायचे, “तुमच्या आईचं बोट आहे हे, बरोब्बर जागा दाखवतं.” मी त्या गार खोलीत उभी राहून रडले. राटिहला वाटलं थंडी वाजतेय, तिनं तिचा कोट दिला.

मग तिनं फिल्मच्या कडेची पांढरी रेघ दाखवली. नागमोडी, कुठं सुतासारखी बारीक, कुठं फुगलेली. तिनं काही सांगायच्या आधीच मी म्हटलं, “हा आवाज.” ती बघतच राहिली. बापाकनी मला कंदिलाला धरून दाखवलं होतं, मी सात वर्षांची असताना. “हे बघ वार्सी, माणूस बोललं की ते रेघ होऊन बसतं. उजेड लागला की पुन्हा बोलतं.” मला तेव्हा कुराणातल्या गोष्टीएवढंच खरं आणि मोठं वाटलं होतं ते. अजून वाटतं. एक बाई कुठल्यातरी खोलीत उभी राहून गायली, तो आवाज रेघ होऊन पापड्यांच्या डब्यात बसला, समुद्र ओलांडून गेला आणि अजून उजेडाची वाट बघतोय. तुला नाही काही वाटत? खरंच नाही?

आपण दोघी पडद्याच्या मागं बसायचो. पुढं माणसं मावायची नाहीत, आणि बापाकच्या पोरींनी पुढची जागा अडवायची नाही असा त्यांचा नियम. मागनं सगळं उलटं दिसायचं. आपली नवरी डावखुरी होती. काल टेबलावर ती उजव्या हातानं दार उघडताना बघितली आणि मी म्हटलं, ही नव्हे. राटिह हसली.

मग तिनं मला माईकसमोर बसवून गुणगुणायला लावलं. वरचा आवाज, शब्द नाहीत, खाली कुणीतरी एकच तार ओढतंय, सगळं जमेल तसं केलं. अर्ध्याच्या पुढं गेले आणि थांबले.

“पुढं, बू?”

“पुढं येत नाही.”

“आठवत नाही?”

“ऐकलंच नाही.”

का ऐकलं नाही ते तुला माहीत आहे. दार उघडलं की तू माझ्या कानांवर हात ठेवायचीस. मी तुझ्या बोटांच्या फटीतनं ऐकायचे. आणि शेवट जवळ आला की तू हात असे घट्ट दाबायचीस की मला फक्त तुझं रक्त ऐकू यायचं, धप, धप. ते गाणं माझ्यापाशी तेवढंच आहे, तुझ्या बोटांतनं गळलेलं.

झाकण उघड, ताई.

वार्सी


जकार्ता, सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

पत्र मिळालं. दोन पानं. दोन्ही बापाकना शिव्या देणारी. पण झाकण उघडलंस हे शेवटी एका ओळीत लिहिलंस, तेवढ्यासाठी बाकीची दोन पानं मी गिळली.

तू लिहितेस, बोटीवर सासूनं पापड्यांसाठी डबा उघडला, तळाशी हात घातला आणि वेटोळं वर आलं, चौकटी-चौकटीत मेलेली नवरी. सगळ्या बोटीदेखत ती ओरडली की सुनेच्या बापानं घरात भूत धाडलं. मग तुझी दोन पोरं राहिली नाहीत, आणि दोन्ही वेळा तिनं माळ्याकडं बोट दाखवलं. तुला माहेरी पाठवलं नाही. बापाकनी पत्र लिहून कबूल केलं की चूक माझी, मीच ठेवली. तू म्हणतेस, ज्या बापानं पोरीच्या लग्नात असला निष्काळजीपणा केला त्याच्या मातीला मी आले नाही, ह्याचं मला काही वाटत नाही.

आता नीट बस. हे मी चाळीस वर्षं लिहिलेलं नाही.

बापाक निष्काळजी नव्हते. त्यांनी ती पट्टी कापली, दोन्ही टोकांना ठिपका लावला, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “पेटीत ठेव वार्सी, सकाळी जोडायची आहे.” मी पेटीत ठेवली नाही. सकाळी प्रत शहरात मालकाकडं परत जाणार होती, सिनेमा जाणार होता, आणि तूही जाणार होतीस. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, एक तरी ठेवून घ्यावं. कान झाकायला तू नसशील, तर एकदा तरी कंदिलाला धरून पूर्ण बघीन. स्वयंपाकघरात डबा दिसला. वरच्या पापड्या काढल्या, पट्टी तळाशी ठेवली, पापड्या पुन्हा रचल्या. त्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात, पापड्याच असतात, आणि पापड्या कुणी तळापर्यंत खात नाही, एवढी अक्कल मला होती. सकाळी काकूनं तो डबा उचलून तुझ्या सामानात बांधला, ह्याची अक्कल नव्हती.

बापाकनी पेटी उघडली. मग माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी काही बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. प्रत तशीच जोडून परत केली, मालकाला सांगितलं की तुकडा मशीनमध्ये फाटला, जळला. मालकानं मशीन काढून घेतलं. ह्यातलं तुला कुणी कळवलं नाही. पडदा बांधणारा माणूस शेवटपर्यंत सायकलींच्या पंक्चरी काढत बसला, तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही. ते पत्र मीच वाचून दाखवलं, ताई. त्यांनी शांतपणे मला उत्तर सांगितलं, “लिही, चूक माझी.” आणि मी लिहिलं. ते कलंडलेलं अक्षर बघून तुला कधी शंका आली नाही?

तुझी दोन पोरं भुतानं नेली नाहीत. माझ्या पट्टीनंही नाही. पण त्या घरात तुझ्याकडं जे बोट दाखवलं गेलं, ते माझ्या वाटचं होतं. शिव्या द्यायच्या तर पत्ता बदल. त्यांना देऊ नकोस.

माफी मागायला मला येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून हिशेबाचं बोलते. राटिह म्हणते रेकॉर्ड दुसऱ्यांदा काढायची आहे, तिच्यातली तिसरी जागा त्यांनी अजून भरलेली नाही, महिनाअखेरपर्यंत थांबतील. पाकिटावर बापाकचं नाव घालतील, मी सांगितलंय, ‘ज्यानं जपलं तो’ असं. कोह म्हणाला, “आणि जिनं चोरलं ती?” मी म्हटलं, “तिलाही घाल, बारीक अक्षरात.” पण राटिहनं हेही सांगितलंय की वेटोळं आतनं दगड झालं असेल तर कुणाचा इलाज नाही.

तसं असेल तर ऐक. मी कालपासून ह्याचाच विचार करतेय. शेतात पडद्यापुढं हजार माणसं असायची, ती भ्यायची, ओरडायची, डोळे मिटायची, कान झाकायची. त्यातली किती उरलीत? आणि तू. तू कान कधी झाकले नाहीस. तुझे दोन्ही हात माझ्या कानांवर होते. ते गाणं शेवटपर्यंत तू ऐकलंयस, दर वेळी, माझ्या वाटचंसुद्धा.

सुराबायाहून बोट शुक्रवारी, २५ तारखेला सुटते. शुक्रवार-क्लिवोन. भुतांच्या दिवशी कुणी प्रवासाला निघत नाही, म्हणून जागा लगेच मिळाली. राटिहनं गार पेटी दिलीय, ती घेऊन गुरुवारी मी रेल्वेत बसणार. त्याच्या आधी, बुधवार २३ तारखेपर्यंत, मला फोनवर मोकळी कर आणि सांग. डबा धक्क्यावर कुणाच्या हाती देऊन मला तिथूनच परत धाडणार आहेस, की दार उघडून, माझ्या समोर बसून, हात मांडीवर ठेवून ते शेवटपर्यंत म्हणणार आहेस?

तुझी वार्सी